व्हिक्टर मोरिट्झ गोल्डश्मिट

व्हिक्टर मोरिट्झ गोल्डश्मिट (२७ जानेवारी, १८८८ – २० मार्च, १९४७) हे नॉर्वेचे नागरिकत्व लाभलेले खनिजशास्त्रज्ञ व भूरसायनशास्त्रज्ञ होते. पृथ्वीच्या गाभ्यात, खडकांत, मातीत, पाण्यात व सजीवांच्या देहांत निरनिराळी मूलद्रव्ये कमीअधिक प्रमाणात का आढळतात, याची कारणे त्यांनी अणूंच्या व आयनांच्या गुणधर्मांत शोधली. रशियाचे व्लादिमीर व्हर्नाड्स्की यांच्याबरोबर त्यांना आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक मानले जाते. खनिजांतील आयनांच्या त्रिज्या आणि मूलद्रव्यांचे चतुर्विध वर्गीकरण यांसाठी त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत येते. दगडी कोळशाच्या राखेत दुर्मिळ धातू एकवटलेले असतात आणि त्यांतील काही धातू कोळशातील सेंद्रिय द्रव्याशी रासायनिक बंधाने जोडलेले असतात, हे त्यांचे संशोधन त्या मानाने कमी परिचित आहे. वास्तविक, आज ज्याला सेंद्रिय भूरसायनशास्त्र म्हणतात त्याच्या उगमांपैकी एक उगम तेथे आहे.

बालपण व शिक्षण

गोल्डश्मिट यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे झाला. वडील हाइनरिख गोल्डश्मिट हे मूळचे प्राग येथील ज्यू कुटुंबातले असून भौतिक रसायनशास्त्राचे अध्यापक होते. झुरिच येथील त्यांचे सहकारी, विख्यात रसायनज्ञ व्हिक्टर मायर, यांच्या नावावरून मुलाचे नाव ठेवण्यात आले. वडिलांच्या नोकरीबरोबर कुटुंबाचे बिऱ्हाडही हलत राहिले. प्रथम अ‍ॅम्स्टरडॅम, तेथे वडील व्हान्ट हॉफ यांच्या सहवासात काम करीत होते, मग हायडेलबर्ग, आणि १९०१ मध्ये नॉर्वेची राजधानी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो. वस्तुमान-क्रियेचा नियम मांडणाऱ्या पेटर वागे यांच्या जागी हाइनरिख यांची तेथे नेमणूक झाली होती. १९०५ मध्ये कुटुंबाला नॉर्वेचे नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी व्हिक्टर यांनी क्रिस्तियानिया विद्यापीठात प्रवेश घेतला.

घरात रसायनशास्त्र होते, तर विद्यापीठात डब्ल्यू. सी. ब्रोगर यांच्यासारखा थोर भूवैज्ञानिक गुरू लाभला. गोल्डश्मिट यांच्या पुढील सर्व कार्यावर या दुहेरी वारशाचा ठसा दिसतो. खडक हा त्यांच्या दृष्टीने केवळ वर्णन करून संग्रहालयात ठेवण्याचा नमुना नव्हता. निसर्गाने घडवून आणलेल्या रासायनिक अभिक्रियेचा तो अवशेष होता.

खडकांचे रसायन

१९११ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध प्रसिद्ध झाला. तप्त शिलारस वर येऊन भोवतालच्या चुनखडीत व चिकणदगडात घुसला म्हणजे स्पर्शाच्या पट्ट्यातील खडकांचे रूपांतर होते. क्रिस्तियानिया परिसरातील अशा रूपांतरित खडकांचा अभ्यास हा प्रबंधाचा विषय होता. त्यांच्या लक्षात आले, की या खडकांत खनिजांची वाटेल तशी सरमिसळ नसते. खडकात जितके रासायनिक घटक असतील, तितकीच किंवा त्यांहून कमी खनिजे समतोलात एकत्र नांदतात. गिब्ज यांचा प्रावस्था-नियम त्यांनी अशा रीतीने डोंगरातील खडकाला लावून दाखवला. पुढच्याच वर्षी कॅल्साइट व क्वार्ट्‌झ यांपासून वोलॅस्टोनाइट तयार होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याची अभिक्रिया कोणत्या दाबाला व तापमानाला घडेल, याचे गणितही त्यांनी मांडले. खडकात विशिष्ट खनिज सापडले, की तो खडक किती तापला असावा याचा अदमास करता येऊ लागला.

१९१४ मध्ये ते क्रिस्तियानिया विद्यापीठात प्राध्यापक व खनिजशास्त्र संस्थेचे संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

कच्च्या मालाचा शोध

पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ राहिला, परंतु सागरी वाहतूक खंडित झाल्याने परदेशी कच्चा माल मिळेनासा झाला. देशातीलच खनिजांचा उपयोग करण्यासाठी सरकारने १९१७ मध्ये जी यंत्रणा उभारली, तिची धुरा गोल्डश्मिट यांच्याकडे आली. त्यातून निघालेल्या कामांपैकी ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाचे काम सर्वांत फलदायी ठरले. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्हिनयुक्त खडकांचे डोंगरच्या डोंगर आहेत. भट्ट्यांच्या अस्तरासाठी लागणाऱ्या उष्णतारोधी विटा या खडकापासून करता येतील, हे गोल्डश्मिट यांनी प्रयोगाने सिद्ध केले आणि पुढे त्यावर उद्योग उभा राहिला. या खनिजावर त्यांचा विशेष लोभ होता, याचा प्रत्यय त्यांच्या मृत्यूनंतरही आला. तो उल्लेख पुढे येईल.

मूलद्रव्यांच्या वाटणीचे नियम

कोणते मूलद्रव्य पृथ्वीवर कोठे सापडेल, हा प्रश्न खाणकामगाराला जितका जुना, तितकाच किमयागारालाही जुना आहे. गोल्डश्मिट यांनी त्याला पद्धतशीर उत्तर देण्याचा प्रयत्न १९२३ पासून सुरू केला. मूलद्रव्यांच्या वाटणीच्या भूरासायनिक नियमांवरील त्यांची जर्मन ग्रंथमाला नऊ भागांत १९३८ पर्यंत चालू होती.

भट्टीत धातुक वितळवले म्हणजे तळाशी धातू, त्यावर गंधकयुक्त थर आणि सर्वांत वर मळीचा थर साचतो. आरंभीची वितळलेली पृथ्वीही अशीच थरांत विभागली गेली असावी, अशी त्यांची कल्पना होती. लोहाबरोबर गाभ्यात जाणारी निकेल, सोने, प्लॅटिनम यांसारखी मूलद्रव्ये लोहस्नेही. गंधकाशी सलगी करणारी तांबे, जस्त, शिसे इत्यादी गंधकस्नेही. ऑक्सिजनशी जोडली जाऊन खडकांत राहणारी सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन इत्यादी शिलास्नेही. आणि नायट्रोजन व निष्क्रिय वायू हे वातस्नेही, असे चार वर्ग त्यांनी पाडले. पृथ्वीच्या पोटातील गाभा हाती लागणे अशक्य असल्याने त्यांनी उल्कांचा आधार घेतला. उल्कांत धातू, सल्फाइड व सिलिकेट हे तिन्ही अंश शेजारीशेजारी असतात. प्रत्येकात कोणते मूलद्रव्य किती, हे मोजता येते.

वर्गीकरणाने सर्व प्रश्न सुटले नाहीत. एकाच वर्गातील दोन मूलद्रव्यांपैकी एक सर्वत्र विखुरलेले आणि दुसरे एका जागी एकवटलेले का, हे त्यातून कळत नव्हते. याचे उत्तर क्ष-किरणांनी दिले. स्फटिकांतील अणूंची मांडणी क्ष-किरणांनी मोजण्याची रीत नुकतीच रुळली होती. गोल्डश्मिट व त्यांचे तरुण सहकारी, त्यांत थॉमस बार्थ व विल्यम झकारियासन हे पुढे नामांकित झाले, यांनी अनेक संयुगे तयार करून मोजली आणि १९२६ मध्ये आयनांच्या त्रिज्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. विरल मृदा मूलद्रव्यांच्या आयनांचा आकार अणुक्रमांकाबरोबर घटत जातो, या घटनेला लॅन्थनाइड आकुंचन हे नाव त्यांनीच दिले.

या तक्त्यावरून निघालेला नियम सोपा आहे. स्फटिकातील आयनाची जागा दुसरा आयन घेऊ शकतो, पण दोघांच्या आकारांत फार तफावत असून चालत नाही. आकार व विद्युत्‌भार दोन्ही जुळले, तर दुर्मिळ मूलद्रव्य विपुल मूलद्रव्याच्या आड दडून बसते. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या, हाफ्नियम झिर्कोनियमच्या आणि जर्मेनियम सिलिकॉनच्या आड असे लपलेले असते.

गॉटिंगेन येथील प्रयोगशाळा

१९२९ मध्ये गोल्डश्मिट जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात गेले. माक्स बोर्न, जेम्स फ्रांक अशा शास्त्रज्ञांमुळे ते गाव त्या काळी भौतिकीचे तीर्थक्षेत्र झाले होते. तेथे त्यांना नवी प्रयोगशाळा मिळाली आणि तिच्याबरोबर एक प्रभावी साधनही हाती आले. कार्बनच्या दोन कांड्यांमधील विद्युत्‌ज्योतीत नमुन्याची चिमूटभर पूड जाळायची, ऋणाग्राजवळच्या प्रकाशाचा वर्णपट टिपायचा आणि त्यातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखून त्यांचे प्रमाण काढायचे, अशी ती पद्धत होती. दहा लाख भागांत एखाददुसरा भाग असलेले मूलद्रव्यही तिच्या नजरेतून सुटत नसे. रासायनिक पृथक्करणाला जेथे आठवडे लागत, तेथे एका दिवसात अनेक नमुने तपासता येऊ लागले. सहकारी सी. पेटर्स यांच्यासह गोल्डश्मिट यांनी खडक, उल्का, मृदा, समुद्री शेवाळ, वनस्पतींची राख अशा नाना पदार्थांवर हे साधन चालवले.

जर्मेनियमचा शोध घेताना ते दगडी कोळशापर्यंत पोहोचले. जर्मेनियमचे भाकीत मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये केले होते. सिलिकॉननंतरच्या पहिल्या रिकाम्या घरासाठी संस्कृत संख्यावाचक शब्द उपसर्ग म्हणून वापरून त्यांनी त्याला एकसिलिकॉन असे नाव दिले होते. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंक्लर यांनी फ्रायबेर्ग येथील एका चांदीच्या खनिजात ते शोधून काढले. परंतु त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत ते थोड्याच विरळ खनिजांत सापडले. पृथ्वीच्या कवचात ते टनामागे सरासरी दीड ग्रॅमच्या आसपास असते, आणि तेही सिलिकेटांत विखुरलेले. असे मूलद्रव्य एकवटलेले सापडावे तरी कोठे? १९३० मध्ये गोल्डश्मिट यांनी जाहीर केले, की ते दगडी कोळशात आहे. इंग्लंडमधील नॉर्दम्बरलंड परगण्यातील हार्टली येथील कोळशाच्या राखेत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्याही वर गेलेले आढळले. कवचातील सरासरीच्या तुलनेत ही वाढ हजारो पटींची होते.

यानंतर गोल्डश्मिट व पेटर्स यांनी निरनिराळ्या कोळशांच्या राखा तपासण्याचा सपाटा लावला. बोरॉन, बेरिलियम, कोबाल्ट, निकेल, गॅलियम, आर्सेनिक, मॉलिब्डेनम, चांदी अशी अनेक मूलद्रव्ये सामान्य खडकांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मिळाली. १९३३ व १९३५ मधील त्यांच्या लेखांनी हे निष्कर्ष विद्वानांपुढे आले.

कोळशातील धातू: कोठून आणि कसे

येथे एक शंका स्वाभाविक आहे. कोळसा जळाला म्हणजे कार्बन उडून जातो आणि मागे राहिलेल्या राखेत जे काही असेल ते आपोआपच दाट होते. शंभर किलो कोळशातून पाच किलो राख उरली, तर राखेतील धातूचे प्रमाण कोळशातल्याच्या वीसपट दिसणार. मग यात नवल ते काय? नवल असे, की हा हिशोब वजा केल्यानंतरही जर्मेनियमसारख्या मूलद्रव्यांची वाढ पुष्कळ उरते. दलदलीत गाळाबरोबर आलेली माती हा राखेचा एकमेव स्रोत असता, तर राखेचे घटक सामान्य चिकणमातीसारखे असायला हवे होते. ते तसे नव्हते.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. धातू जर मातीच्या कणांत असेल, तर कोळशात माती जितकी जास्त तितका तो धातूही जास्त. उलट, धातू सेंद्रिय द्रव्याला चिकटलेला असेल, तर जितका कोळसा स्वच्छ व राख कमी, तितकी ती थोडी राख त्या धातूने समृद्ध. जर्मेनियमच्या बाबतीत हा दुसरा प्रकार दिसतो. धातू कोळशाच्या कोणत्या अंशात आहे हे ठरवताना आजही अभ्यासक ही कसोटी लावतात.

गोल्डश्मिट यांनी या समृद्धीचे मूळ झाडापासून शोधत नेले. त्यासाठी त्यांनी कोळशाइतकेच लक्ष जुन्या ओक व बीच वृक्षांच्या अरण्यातील मातीकडे दिले. झाडाची मुळे खोलवरच्या मातीतून पाण्याबरोबर विरघळलेली मूलद्रव्ये शोषतात. पाण्याची वाफ पानांतून निघून जाते. क्षार पानांतच साठतात. शरद ऋतूत पाने गळतात, कुजतात, आणि पावसाचे पाणी त्यांतील पोटॅशियम-सोडियमसारखे सहज विरघळणारे अंश धुऊन नेते. ज्यांची संयुगे सहज विरघळत नाहीत किंवा ज्यांना कुजकट द्रव्य धरून ठेवते, ती मूलद्रव्ये मात्र वरच्या काळ्या थरात मागे राहतात. शतकानुशतके हे रहाटगाडगे चालले, की अरण्याच्या पृष्ठभागावर खालच्या खडकात नगण्य असलेले धातू साचू लागतात. कोळसा हे प्राचीन दलदलीतील अरण्यच असल्याने तेथेही हेच घडले असणार, असा त्यांचा तर्क होता. मात्र सर्व समृद्धी जिवंत झाडानेच घडवली, असा आग्रह त्यांनी धरला नाही. वनस्पती कुजत असताना आणि गाडली गेल्यानंतर भूजलातूनही धातू येऊन बसू शकतात, हे त्यांच्या मांडणीत अंतर्भूत होते.

हे धातू नेमके कशाने अडकून राहतात? व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, निकेल यांसारखे धातू कोळशात केवळ खनिजकणांच्या रूपात नसून सेंद्रिय रेणूंशी बद्ध अशा जटिल संयुगांत असावेत, हे मत गोल्डश्मिट यांनी १९३५ मध्ये मांडले. त्या वेळी या मताला बळ देणारा शोध म्युनिक येथे नुकताच लागला होता. आल्फ्रेड ट्राइब्स यांनी खनिज तेलात व तेलयुक्त शेलमध्ये पॉर्फिरिन रेणू शोधून काढले होते. हिरव्या पानातील हरितद्रव्याच्या कडीसारख्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. वनस्पती मेल्यावर तो निसटतो आणि त्या रिकाम्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल येऊन बसतो. ज्या जागी पानाने सूर्यप्रकाश झेलण्यासाठी एक धातू बसवला, त्याच जागी कोट्यवधी वर्षांनी दुसरा धातू सापडावा, हे निसर्गाच्या काटकसरीचे सुंदर उदाहरण आहे. १९८० मध्ये बिट्युमेनी दगडी कोळशात गॅलियमयुक्त पॉर्फिरिनही सापडले.

पॉर्फिरिनचे प्रमाण कोळशात थोडेच असते. धातूंना धरून ठेवण्याचे मुख्य काम ह्यूमिक द्रव्ये करतात, ही गोष्ट पुढील पिढ्यांच्या संशोधनाने स्पष्ट झाली. पाण्याखाली, हवेचा ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या दलदलीत लाकडातील लिग्निन व सेल्युलोज अर्धवट कुजून पीट तयार होते. त्यातील तपकिरी ह्यूमिक आम्लांच्या रेणूंवर कार्बॉक्सिल व फिनॉल हे गट ठिकठिकाणी असतात. या गटांतील हायड्रोजन सुटून त्याच्या जागी धातूचा आयन येतो. ही झाली आयन-विनिमयाची क्रिया. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम बहुधा असे सैलसर बांधलेले असतात आणि अधिक तीव्र आम्लाने ते पुन्हा सोडवता येतात. तांबे, शिसे, युरेनियम यांसारख्यांना मात्र शेजारचे दोन गट मिळून खेकड्याच्या नांगीप्रमाणे पकडतात. ही पकड सहज सुटत नाही. जर्मेनियमच्या बाबतीत लिग्निनपासून आलेले, शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेले गट ऑक्सिजनमार्फत त्याला बांधून ठेवतात, असे मानले जाते. हंगेरीतील सालाय यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत पीटने अतिविरल द्रावणातून युरेनियम ओढून घेतले, तेव्हा पीटमधील त्याचे प्रमाण पाण्यातल्याच्या सुमारे दहा हजार पट झाले.

पीट गाडले जाते, दबते, तापते. त्याचे आधी लिग्नाइट होते, मग बिट्युमेनी कोळसा आणि शेवटी अँथ्रासाइट. या प्रवासात कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड व पाणी देत नाहीसे होतात. बसायची जागाच गेल्यावर कॅल्शियमसारखे आयन बाहेर पडतात आणि भेगांत कॅल्साइट किंवा अन्य खनिजांच्या रूपात जमतात. म्हणून लिग्नाइटमध्ये सेंद्रिय द्रव्याशी बांधलेला कॅल्शियम पुष्कळ, तर परिपक्व कोळशात तो थोडा असतो. जर्मेनियमची पकड मात्र दगडी कोळशाच्या अवस्थेतही टिकून राहते. ते थराच्या मध्यापेक्षा माथ्याशी व तळाशी अधिक सापडते, हे निरीक्षण सोव्हिएत भूरसायनज्ञ झिल्बरमिंट्स यांनी १९३० च्या दशकात नोंदवले. वरून व खालून झिरपणारे पाणी प्रथम ज्या कडांना भेटते, तेथेच धातू अडतो, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. हे चित्र गोल्डश्मिट यांच्या अरण्याच्या चित्राहून भूजलाला अधिक श्रेय देते.

सर्व धातू सेंद्रिय बंधातच असतात असेही समजू नये. दलदलीतील जिवाणू सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तेव्हा लोहाचे पायराइट होते आणि आर्सेनिक व पारा बऱ्याच अंशी त्याच्या आश्रयाने राहतात. जस्त व शिसेही पुष्कळदा सल्फाइडरूपात मिळतात. गोल्डश्मिट यांचे गंधकस्नेही व शिलास्नेही वर्ग कोळशाच्या एका थरात असे पुन्हा भेटतात.

गॉटिंगेनचा त्याग

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बोर्न, फ्रांक व इतर ज्यू प्राध्यापकांनी त्याच वर्षी गॉटिंगेन सोडले. गोल्डश्मिट धर्माचरणी नव्हते. तरीही याच काळात त्यांनी गावातील ज्यू समाजाशी आपले नाते उघडपणे नोंदवले. कोळशाच्या राखेवरील मुख्य लेख याच दोन वर्षांतले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शांत, आकडेवारीने भरलेल्या पानांमागची परिस्थिती जाणवते. १९३५ मध्ये त्यांच्या संस्थेच्या परिसरात ज्यूंना मज्जाव करणारा फलक लागला. त्यांच्या तक्रारीवरून तो काढला गेला, पण पुन्हा लावण्यात आला. त्यांनी राजीनामा दिला आणि वडिलांसह ते ऑस्लोला परतले. प्रयोगशाळा, उपकरणे आणि सहकाऱ्यांचा जमलेला संच मागेच राहिला.

ऑस्लोत त्यांना पुन्हा प्राध्यापकपद मिळाले. १९३७ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्यांनी खनिजांत व खडकांत मूलद्रव्यांची वाटणी कोणत्या तत्त्वांनी होते यावर व्याख्यान दिले. भूरसायनशास्त्राचे हे सुबोध सार आजही वाचनीय आहे. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. गोल्डश्मिट अविवाहित होते आणि आयुष्यभर वडिलांबरोबरच राहिले होते. १९३८ मध्ये त्यांनी विश्वातील मूलद्रव्यांच्या प्रमाणांचा तक्ता प्रसिद्ध केला. तो पुढे अणुगर्भाच्या रचनेचा विचार करणाऱ्या भौतिकीविदांच्या उपयोगी पडला.

अटक व सुटका

९ एप्रिल, १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. ऑक्टोबर १९४२ मध्ये नॉर्वेतील ज्यू पुरुषांची धरपकड झाली, तेव्हा गोल्डश्मिट यांनाही पकडून टॉन्सबेर्गजवळील बेर्ग छळछावणीत टाकण्यात आले. प्रकृती ढासळल्याने त्यांना रुग्णालयात हलवले व नोव्हेंबरच्या आरंभी सोडून दिले. ती मोकळीक तीन आठवडेही टिकली नाही. २५ नोव्हेंबरला त्यांना पुन्हा अटक झाली. दुसऱ्या दिवशी ऑस्लोच्या धक्क्यावर पोलंडकडे नेल्या जाणाऱ्या ज्यूंमध्ये ते उभे होते. त्यांचे शास्त्रीय ज्ञान देशाच्या उपयोगाचे आहे, असे सहकाऱ्यांनी अधिकाऱ्यांपुढे मांडले होते. त्यामुळे ऐन वेळी त्यांना रांगेतून बाहेर काढण्यात आले. डोनाऊ हे जहाज पाचशेहून अधिक स्त्रीपुरुष व मुले घेऊन निघाले. त्यांना आउश्वित्झ येथे नेण्यात आले. त्यांतले दहा जणही जिवंत परतले नाहीत.

डिसेंबर १९४२ मध्ये प्रतिकार चळवळीतील लोकांनी गोल्डश्मिट यांना सीमेपार स्वीडनमध्ये पोहोचवले. तेथून मार्च १९४३ मध्ये ते विमानाने इंग्लंडला गेले. शत्रूच्या हाती पुन्हा पडलोच तर असावी म्हणून युद्धकाळात ते सायनाइडची कुपी जवळ बाळगीत. एका सहकाऱ्याने आपल्यालाही तशी कुपी मागितली, तेव्हा सायनाइड हे रसायनज्ञांसाठी राखीव असून यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाने दोराने भागवावे, असे त्यांनी सांगितल्याची आख्यायिका आहे. त्यांचा विनोद नेहमीच असा कडवट असे.

ब्रिटनमध्ये त्यांनी प्रथम स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील मॅकॉले मृदा संशोधन संस्थेत व नंतर रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात काम केले. मातीतील सूक्ष्म मूलद्रव्ये हा दोन्ही संस्थांचा विषय असल्याने गॉटिंगेनच्या अरण्यमृदेवरील जुने काम तेथे उपयोगी पडले. १९४३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. १९४४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे वोलास्टन पदक त्यांना मिळाले. छावणीतील दिवसांनी खचलेली प्रकृती मात्र पूर्ववत झाली नाही.

अखेर व नंतर

जून १९४६ मध्ये ते ऑस्लोला परतले आणि २० मार्च, १९४७ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी हिरव्या ऑलिव्हिन खडकातून कोरलेल्या कलशात ठेवण्यात आल्या. हा कलश त्यांनी स्वतःच करवून घेतला होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला, आणि तो जर्मेनियमचा होता. या धातूला एकाएकी मागणी आली. ब्रिटनमध्ये कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांतील काजळी-धूळ गोळा करून तीतून जर्मेनियम काढण्यात येऊ लागले. चीनमधील युनान प्रांतातील लिनचांग आणि अंतर्मंगोलियातील वुलानतुगा येथे तर कोळशाच्या थरांतून आजही या धातूचे उत्पादन होते. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेतून कोणते धातू मिळवता येतील आणि कोणते विषारी घटक पाण्यात उतरतील, हे दोन्ही प्रश्न धातू कोळशात खनिजरूपाने आहे की सेंद्रिय बंधात, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

गोल्डश्मिट यांच्या मोठ्या ग्रंथाचे हस्तलिखित मृत्युसमयी अपूर्ण होते. अ‍ॅलेक्स मुइर यांनी ते संपादित करून १९५४ मध्ये ऑक्सफर्ड येथून जिओकेमिस्ट्री या नावाने प्रसिद्ध केले. त्यांचे विद्यार्थी ब्रायन मेसन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९९२ मध्ये निघाले. जिओकेमिकल सोसायटी त्यांच्या नावाने पदक देते आणि भूरसायनज्ञांची वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषद त्यांच्याच नावाने भरते. दक्षिण आफ्रिकेतील एका हिऱ्यात सापडलेल्या नव्या खनिजाला २०१९ मध्ये गोल्डश्मिटाइट हे नाव मिळाले. ते पेरोव्स्काइट गटातले आहे; या गटातील स्फटिकरचना कोणत्या आकाराच्या आयनांना पेलेल, याचे गणित गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्येच दिले होते.